मम्मी नाचली

अल हिलाल, दोहा

प्रिय डेरिल,

आधी खाली बस, मग वाच. आपली मम्मी गुरुवारी दोह्यात नाचली. हो, आपलीच! लिफ्ट बंद असली की जिन्याला शिव्या घालणारी, गुडघ्यांना तेल चोळत बसणारी.

झालं असं, की माझ्या वॉर्डातल्या रबिया सिस्टरने दोन तिकिटं दिली. ती तुर्कस्तानची. तिच्या आईच्या तरुणपणापासून गाणारा त्यांचा एक ग्रुप आहे, गावाकडची जुनी गाणी गिटार-कीबोर्डवर बसवून म्हणतात. मम्मी चर्चमधली मिस्सा सोडली तर कुठं येत नाही, हे तुला माहीत आहे. तू बबीताशी चर्चऐवजी रजिस्टर लग्न केलंस, मम्मी आली नाही, आणि तेव्हापासून तुझं नाव काढलं की ताटावरून उठते. म्हटलं, चल, एसीत बसशील तरी.

पहिली गाणी तिने डोळे मिटून काढली. मग मोठा ढोल वाजला, त्यावर सनईसारखं काहीतरी, कर्कश आणि गोड, की मलाच आपल्याकडचा लग्नाचा मांडव आठवला. खुर्च्यांमधून तुर्की बायका उठल्या, करंगळीत करंगळी अडकवून साखळी केली. मी पर्समधून पाणी काढेपर्यंत शेजारची खुर्ची रिकामी! बघते तर मम्मी साखळीच्या मधोमध, पदर खोचलेला, पाय अगदी ठेक्यात. लोक टाळ्या पिटत होते, रबिया मोबाइलवर शूटिंग करत होती, आणि मी तोंडाचा आ करून उभी. आनंदाने रडले रे मी.

परत आली ती घामाघूम. म्हणाली, डॅडींना सांग, बँडवाल्यांना आधी जेवायला वाढा, मग पाहुण्यांना. मला वाटलं, थट्टा करतेय. डॅडींना जाऊन नऊ वर्षं झाली! मग शेजारच्या तुर्की बाईचा हात धरून मराठीत सांगायला लागली, माझ्या डेरिलचं लग्न आहे, जेवल्याशिवाय जायचं नाही. मी नर्स आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आठवण जातेय, हळूहळू जाईल, परत यायची नाही. अधूनमधून ती ठीक असते, तेव्हा तुझं नाव निघत नाही. बाकी वेळ भडकलेली असते, आणि कशावरून ठाऊक आहे? लग्न लागलं तरी सून आशीर्वाद घ्यायला आली नाही म्हणून! आज सकाळी मला फैलावर घेतलं, तिच्या माहेरच्यांनी तिला हेच शिकवलं का? देवा, हसू की रडू! तिच्या विसरण्याचा फायदा घेणं ही फसवणूक आहे म्हणशील, तर म्हण. तुझा राग खरा आहे, मी कुठं खोटा म्हणतेय. पण बबीताला घेऊन ये. तुम्ही पोचाल तेव्हा दार कुठली मम्मी उघडेल, ह्याची खात्री मी देत नाही. आजची मात्र तुमची वाट बघतेय. यल्ला, चला, निघा.

तुझीच ताई,
सिसिलिया