रोवण्याचा धडा

प्रिय माय,

तुझ्या नावाचं माझंच पत्र आज सकाळी वहिनीनं माझ्या हाती दिलं. विलायतेहून मी टाकलेलं, अजून न फोडलेलं. तू गेल्यावर आठ दिवसांनी ते आमगावच्या टपालातून आलं म्हणे. मी विचारलं, उघडलं का नाही कोणी? वहिनी म्हणाली, "मायच्या नावाचं व्हतं. आमी काऊन फोडावं?" तिचंही खरंच. म्हणून त्यातलं सगळं आता पुन्हा लिहायला बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? पण शाळेतले गुरुजी माझी पत्रं वाचून दाखवायचे तेव्हा तू हुंकार देत ऐकायचीस, तसंच आताही ऐक.

सरकारनं वर्षभरासाठी मला तिथं मास्तरकी शिकायला पाठवलं, तेव्हा स्टेशनवर तू एवढंच विचारलं होतंस, तिथं भात मिळेल का. मिळाला गं! घरमालकीणबाईंनी पहिल्याच रविवारी मोठ्या हौसेनं केला. दुधात शिजवलेला, साखर घातलेला, वरून जायफळ. तुमच्या देशाचं अन्न म्हणून पुढ्यात ठेवला. मी डोळे मिटून गिळला आणि वर आणखी मागितला. तिथल्या वास्तव्यातलं ते माझं पहिलं खोटं.

पहिले दोन महिने मी नुसता तोंड वासून हिंडत होतो. हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा. आंघोळ शनिवारी, तीही बाईंना आधी सांगून! एका सकाळी खिडकी उघडली तर सगळं गाव पांढरं आणि आवाज म्हणून कशाचा नाही. मी तसाच अनवाणी अंगणात गेलो आणि आत येऊन बाईंची बोलणी खाल्ली. बर्फ कसा असतो ते तुला सांगता यावं म्हणून गेलो होतो, माय. अजूनही नीट सांगता येत नाही.

ज्या शाळेत मला शिकवायचा सराव करायचा होता, तिथं तर मी रोज थक्क व्हायचो. रोज सकाळी पोरांना दुधाच्या छोट्या बाटल्या वाटायचे. डॉक्टरच्या पोराला जेवढी, तेवढीच न्हाव्याच्या पोराला. पोरं मास्तरला उलटे प्रश्न विचारायची आणि मास्तर खुशाल उत्तर शोधत बसायचा. मला हे फार आवडलं. मग तेच माझ्या अंगाशी आलं.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी सांगितलं, तुमच्या मुलखातल्या धानावर एक धडा द्या, मी मागं बसून ऐकीन. मला काय, घरचाच विषय! फळ्यावर मी धानाची बांधी काढली, भोवती मातीची पाळ काढली, चिखल काढला, वाकलेल्या बाया काढल्या. बाया रोप आपल्या पायापुढं रोवतात आणि ओळीनं पुढं पुढं जातात, असं ठणकावून सांगितलं. तशी नऊ वर्षांची एक पोरगी उठली. तिनं विचारलं, म्हणजे त्या आपलंच लावलेलं तुडवतात का?

माय, मी फळ्याकडं वळून पाहिलं. मी म्हणालो, त्या फार जपून पाय टाकतात. वर्गात कोणी हसलंसुद्धा नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. धडा संपल्यावर बाईंनी विचारलं, तुम्ही हे काम पाहिलं आहे ना? मी म्हणालो, जन्मभर. त्या म्हणाल्या, मग नीट विचारून घ्या आणि जूनच्या आत हाच धडा पुन्हा द्या. तोवर सर्टिफिकेटावर सही नाही.

पाहिलं होतं कुठं मी? तू पाहू दिलंस तर ना! पाऊस लागू नये म्हणून पळसाच्या पानांच्या आडोशाला, पाळीवर बसवायचीस, हातात पाटी द्यायचीस आणि दटावायचीस, चिखलात पाय टाकला तर तंगडं मोडीन. मी मुकाट पाटीत तोंड घालून बसायचो. समोर तू दिवसभर वाकलेली असायचीस आणि मी एकदाही मान वर करून नीट पाहिलं नाही.

तुला विचारणारं पत्र मी लिहिलं आणि आठ दिवस खिशातच ठेवलं. काय म्हणेल माझी माय? एवढा शिकवला, समुद्रापार धाडला, आणि याला हे माहीत नाही? त्या रोवण्याच्या मजुरीवरच तर माझ्या पुस्तकांना जिल्द चढली होती. तुला वाईट वाटेल, याचीच भीती होती.

तीन आठवडे जायला, तीन आठवडे यायला. तुझं उत्तर आलं, गुरुजींच्या अक्षरात, तुझ्या बोलीत: "बाबू, बाया मागंमागं जातेत. समोर गेलं तं लावलेलंच तुडवन. मागं पाहाचं नाही, पायाले समजते. लावलेलं नजरेपुढं राहते, वाकडं झालं तं तवाच दिसते. तब्येत सांभाळजो." बस, इतकंच! रागावलीस की हसलीस, काही म्हणजे काही कळेना.

पण धडा कसा झाला म्हणून सांगू! शाळेच्या बागेतल्या वाफ्यात झाऱ्यांनी पाणी ओतून चिखल केला. तिकडं कांद्याच्या जातीचं एक रोप असतं, त्याच्या जुड्या पोरांच्या हातात दिल्या. चाळीस पोरं रबरी बूट घालून वाकली आणि मागंमागं निघाली. दोघं आपटली. ती प्रश्न विचारणारी पोरगी सगळ्यात सरळ ओळ लावून गेली. देखरेखीच्या बाईंनी स्कर्ट खोचला आणि त्याही चिखलात उतरल्या! मग त्यांनी तुझा कागद मागून घेतला. एक अक्षर कळत नसताना कितीतरी वेळ पाहत राहिल्या. तो त्यांनी वर्गाच्या भिंतीवर नकाशाशेजारी लावला. तो मी परत आणला नाही, माय. तुझं एकुलतं एक पत्र तिथंच राहिलं.

हेच सगळं त्या न फोडलेल्या पाकिटात आहे. आणि शेवटी एक ओळ: मी विचारलं म्हणून तुला वाईट वाटलं का? त्याचं उत्तर आता कोण देणार? जहाजात बसायच्या चार दिवस आधी दादाचं पत्र आलं, तू गेल्याचं. सबंध प्रवासात मला हाच एक प्रश्न छळत होता.

आज दुपारी बांधीवर गेलो. श्रावण सरत आला, रोवण्याचे शेवटचे दिवस. तुझ्या जोडीनं तीस वर्षं रोवणा केलेली सोनामावशी रांगेत होती. धोतर खोचून मी तिच्या शेजारी उतरलो. माझी ओळ पाहून ती म्हणाली, वाकडं लावून राहिला तू. मग हात न थांबवताच बोलायला लागली.

माझं ते विचारणारं पत्र चैतात आलं होतं म्हणे. मोह वेचायचे दिवस. गुरुजींना रोवणा समजेना म्हणून तू अंगणात वाकून त्यांना मागंमागं चालून दाखवलंस. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाच्या झाडाखाली आलीस, आणि फुलं वेचायची सोडून एकेकीपाशी जाऊन तेच तेच सांगत बसलीस. तुझी टोपली उन्हं वर येईपर्यंत रिकामी होती. तुझी टोपली, माय!

काय सांगत होती, मी विचारलं. सोनामावशी उभी राहिली, पाठीवर हात ठेवून.

"म्हने, विलायतेत माह्या बाबूचं अडलं, अन् त्यानं मले विचारलं."

बाया मागं सरल्या, मी तिथंच उभा. रडलो म्हणून सांगतो, लपवत नाही.

आता ऐक. पुढच्या आषाढात माझा अख्खा वर्ग मी बांधीत आणणार आहे. मालगुजाराचं पोर असो की मजुराचं, सगळी चिखलात. धडा सोनामावशी देईल. मी पोरांच्या रांगेत वाकेन, आणि अडलं की सगळ्यांदेखत हात वर करून विचारीन.

तुझा,
बाबू