निवीचे उपास

प्रिय रुक्मिणी,

फोन करायचा सोडून ताई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे तुमच्या अख्ख्या घराशी बोलणं. तू पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर टाकतेस, मागून सासूबाई विचारतात, ‘वैजयंती का? विचार तिला, निवीनं आज काय घेतलं’, वेणीमाधवराव टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि मी जीव तोडून काही सांगितलं तरी तुझं उत्तर ठरलेलं, ‘हो गं ताई, बघू.’ म्हणून हे पत्र. दार लावून एकटीनं वाच. मध्येच रडत बसू नकोस. आधी पूर्ण वाच, मग काय ते कर.

आधी त्या व्हिडिओचं सांगते, कारण तो श्रीपूरला तुमच्या कॉलनीत घरोघर फिरतोय असं कळलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कमलम्मा तुला माहीत आहेत. त्यांच्याकडच्या बायका दरवर्षी अष्टमीला संध्याकाळी आमच्या अंगणात बतुकम्मा मांडतात. ताटात फुलांचे थरावर थर रचायचे आणि टाळ्या वाजवत भोवती फेर धरायचा. तुझी लेक निवी हौसेनं साडी नेसून गेली. जाताना मी म्हटलं, घोटभर दूध तरी पी. तर म्हणते, ‘मावशी, अष्टमी आहे, आज मी काहीच घेत नाही.’ नवरात्र लागल्यापासून पोरगी सकाळी अर्धा पेला ताक आणि दिवसभर पाणी यावर होती. फेर रंगात आला आणि ही डुलायला लागली. हात थरथरले, डोळे फिरले आणि कमलम्मांच्या अंगावर कोसळली.

माझे गुडघे असे. मी एकेक पायरी करत खाली पोचेपर्यंत बायकांनी तिला पाटावर बसवून केस मोकळे सोडले होते, कपाळभर कुंकू फासलं होतं, आणि कुणी कापूर ओवाळत होतं, कुणी पाया पडत होतं. ‘अम्मवारू आली हो अक्का, तुमच्या पोरीच्या अंगात अम्मवारू आली!’ समोरच्या इमारतीतल्या महादेवी तर पदर पसरून विचारत होत्या, ‘माय, आमच्या शिवराजचं लग्न कधी जमंल?’ पोरगी बिचारी पुटपुटली, ‘पाणी…’ लगेच बाईंनी अर्थ लावला, ‘पाणी म्हणाली! म्हंजे नदीकाठचंच स्थळ येणार बघा.’ माझं डोकं फिरलं. मी ओरडून सगळ्यांना बाजूला केलं आणि साखरपाणी मागवलं, तर एक जण मलाच म्हणते, ‘देवीचं तोंड उष्टं करू नका.’ मी म्हटलं, ही देवी सकाळपासून उपाशी आहे, आधी तिला माणसात येऊ द्या. चमच्या-चमच्यानं साखरपाणी पोटात गेलं तेव्हा कुठे तिनं मला ओळखलं. व्हिडिओत हा भाग नाही. तो कापूर विझेपर्यंतच आहे. कमलम्मा मात्र शहाण्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ भात घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, ‘अक्का, काल चुकलं आमचं. लेकरू आजारी आहे हे.’

ज्या गोष्टीला परक्या बाईनं आजार म्हटलं, तिला तुम्ही घरची माणसं काय म्हणालात? दसऱ्याला सासूबाईंचा फोन. आवाजात नुसता सण. ‘आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या अंगात आली नव्हती हो वैजयंती!’ मग तू, ‘ताई, तिची भक्तीच तेवढी आहे गं.’ आणि पाठोपाठ बेत. रविवारी गाडी घेऊन येणार, कोजागिरीला निवीला घरी नेणार, कॉलनीतल्या बायका तिची ओटी भरणार. पोरगी चक्कर येऊन पडली, तिची तब्येत कशी आहे, एवढं विचारायचं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मी फोन ठेवून दिला. ठेवला नसता तर तोंडून जे गेलं असतं, ते सासूबाईंच्या वयाला शोभलं नसतं.

तुझ्या मुलीचे उपास तू लांबून बघतेस, मी रोज बघते. जूनमध्ये अकरावीसाठी ती माझ्याकडे आली तेव्हा सोमवार करायची. मला काही वाटलं नाही, आपणही करायचो. श्रावणात शनिवार आला, मग गुरुवार, मग संकष्टी, दोन्ही एकादश्या. भाद्रपदापर्यंत असं झालं की जेवायचा वार कोणता, हे मला कॅलेंडरात शोधावं लागायचं. आणि हा उपास तरी कसला? आपल्या आईची एकादशी आठव. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एरवीपेक्षा चार घास जास्तच जायचे पोटात. मी निवीसाठी हे सगळं करून बघितलं. खिचडीला हात नाही, भगर नको. आमटी पुढं केली तर म्हणाली, ‘दाण्यांत तेल असतं, मावशी.’ शेंगदाण्यातल्या तेलाचं कोणत्या देवाला वावडं आहे, रुक्मिणी? त्या दिवशी मला पहिल्यांदा खटकलं. मग बाकीचंही दिसायला लागलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ही स्वेटर घालून बसते. न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका. चार पायऱ्या चढली की धाप. रात्रभर तळमळते आणि सकाळी वर्गात डुलक्या घेते, तिच्या बाईंनी मला निरोप पाठवला. रागे भरले तर हसून सांगायची, ‘मावशी, देवाचं आहे, बोलू नये.’ बोलू नये म्हणजे काय? घरात मूल वाळत चाललंय आणि मी गप्प बसू?

काल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. येईना, तर हाताला धरून रिक्षात बसवलं. बाई चांगल्या निघाल्या. मला बाहेर बसवून आधी तिच्याशीच बोलल्या, मग मला आत घेतलं. वजन वयाच्या मानानं फार कमी. रक्त कमी. नाडी मंद. पाळी उन्हाळ्यापासूनच बंद आहे. तुला माहीत होतं का? तिनं मलाही कळू दिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, हा हट्ट नाही आणि भक्तीही नाही, हा आजार आहे, आणि या वयाच्या मुलींमध्ये त्या तो बघतात. हाडं आत्ता भरायची असतात, ती आत्ताच भुकेली ठेवली तर पुढे जन्मभर भोगावं लागतं, हृदयावरही ताण येतो. एकदम ताट भरून वाढायचं नाही, दटावून भरवायचं नाही, त्या सांगतील तसं थोडं थोडं वाढवत न्यायचं. शिवाय मनाच्या डॉक्टरांकडेही जायचं, चिठ्ठी दिली आहे. ‘मनाच्या’ म्हटल्यावर तुमच्या घरात काय गहजब होईल ते मला ठाऊक आहे. होऊ दे. अंगात आली म्हणून गाव गोळा करता, तर डॉक्टरांकडे जायला कसली लाज?

आता मुख्य. परवा दुपारी मी दाण्याचा कूट करत होते, ही शेजारी येऊन बसली आणि मी काही न विचारता बोलायला लागली. एप्रिलमध्ये करकंबला तुझ्या पुतणीचं लग्न झालं, आठवतं? निवी मांडवात शिरली तेव्हा तुझा दीर माईकवरून ओरडला, ‘ओ, सरका की, श्रीपूरची उसाची ट्रॉली आली!’ सगळा मांडव हसला. तिनं तुझ्याकडे बघितलं. तूही हसत होतीस. मला माहीत आहे, पाहुण्यांत दुसरं काय करणार, असं तू म्हणशील. पण त्या वेळी ती बघत होती फक्त तुझ्याकडे. घरी आल्यावर तिनं पहिला सोमवार धरला. आणि काय झालं? सासूबाईंनी दृष्ट काढली. वेणीमाधवराव म्हणाले, माझी लेक गुणाची. ज्या काकानं ट्रॉली म्हटलं तोच चार लोकांत सांगायला लागला, ‘आमची निवी लई सोशिक.’ आणि तू फोनवर शेजारणीला तिचं कौतुक करत होतीस, ते तिनं जिन्यात उभं राहून ऐकलं. मला म्हणाली, ‘मावशी, जेवत होते तेव्हा घरात सगळे माझ्या ताटात बघायचे. उपास धरले आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघितलं.’ कूट तसाच राहिला.

म्हणून स्पष्ट लिहिते. कोजागिरीला निवी श्रीपूरला येणार नाही. ओटी, बायका, गाडी, सगळं रद्द कर. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव, नाहीतर माझं नाव सांग, मी वाईट ठरायला तयार आहे. आणि हे पत्र मी माझ्या मनानं लिहायला बसलेली नाही. काल डॉक्टरीणबाईंनी निवीला विचारलं, खायची भीती नेमकी कशाची वाटते? तिनं नुसतं ओढणीचं टोक पिळलं. रिक्षातून येताना मात्र माझा हात धरून म्हणाली, ‘मावशी, तू आईला विचारशील? मी परत जेवायला लागले, परत जाड झाले, तरी ती माझ्यावर एवढीच खूश राहील का? मला विचारायला भीती वाटते.’ रुक्मिणी, तिचा प्रश्न मी तुला पोचवला. त्याचं उत्तर माझ्याकडे देऊ नकोस, ते माझं नाही. रविवारी एकटी ये, तिला जवळ घे आणि तिलाच सांग.

तुझीच,
ताई