पंखा तर बंद होता
मंगळवार, बोरीवली

 चहा केला, तो समोर तसाच गार झाला.

आज मढच्या बंगल्यात शूट होतं, साउंड रेकॉर्डिंग माझ्याकडे. नानाकाका, आमचे म्हातारे नट, त्यांचा कुजबुजत बोलायचा सीन. माझ्या हेडफोनमध्ये सारखी बारीक सूं सूं. कॅमेऱ्याचा पंखा, दुसरं काय! कॅमेरामन संदीपला म्हटलं, "टेक चालू असताना पंखा बंद ठेव ना रे, मधल्या वेळात कॅमेरा गार कर." कुरकुरत का होईना, त्याने केलं. मोठी घरघर गेली, पण ती सूं सूं तशीच.

"संदीप, पंखा बंद कर म्हटलं ना!"

"अगं, बंदच आहे! हात लावून बघ."

लावला. खरंच बंद. एसी, फ्रिज तर सकाळीच बंद केलेले. मग हा आवाज कसला?

पुढच्या टेकला काका बोलता बोलता थांबले, श्वास रोखला, आणि सूं सूंही थांबली. श्वास सोडला, पुन्हा सुरू. अंगावर काटाच आला. शर्टाच्या आत लावलेल्या माइकमधून मी त्यांची छाती ऐकत होते!

मी टेक तोडला. दिग्दर्शक ओरडला. काका म्हणाले, "काही नाही गं, सर्दी आहे." पण त्यांचे ओठ निळसर दिसत होते. त्यांना तसंच गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, अजून उशीर झाला असता तर... पुढचं मी ऐकलंच नाही. आता धोका टळलाय. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून काकांनी मला विचारलं, "माझा आवाज नीट आला ना गं?"

"आला, काका," एवढंच मी म्हणाले आणि बाहेर येऊन रडले.