पापणीचा दगा आणि गुरुवारची वेळ

ती. मावशीस,

तुझ्या धाकट्या भाचीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनातल्या मनातच ठेवलं आहे, कारण हल्ली वाकले की उठताना टेबल धरावं लागतं.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली संपेल म्हणून जपून ठेवली आहेस? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी जिन्यात उभं राहून बोलू नकोस, त्यांना खाली बोलाव. त्या तुझ्यापेक्षा तरुण आहेत आणि त्यांना कामही कमी आहे.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. काळजी करण्यासारखं काहीही नाही. मग फोन करायचा सोडून पत्र कशाला लिहिलंस, असं तू विचारशीलच. फोनवर तू बोलतेस आणि मी हो-हो करते, ही आपली जुनी वहिवाट आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आता चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तुला माझं काम ठाऊक आहे, पण नीट ठाऊक नाही. तू लोकांना सांगतेस की भाची कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. तो कारखाना नाही, अंडी उबवणी केंद्र आहे, आणि मी तिथे मशीनच्या खोलीत असते (असायचे, पण त्यावर पुढे येते). कपाटाएवढाली मशीनं, त्यांत ट्रे, ट्रेमध्ये अंडी. उष्णता थोडी इकडेतिकडे झाली की पिल्लं अंड्यातच राहतात. प्रत्येक मशीनला उष्णता दाखवणारा काटा असतो. पण ज्या बाईंनी मला हे काम शिकवलं, त्या काट्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्या अंडं उचलून मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावत. पापणीची कातडी फार पातळ असते, तिला खरं-खोटं लगेच कळतं. अंडं पापणीला ना गार लागलं पाहिजे, ना गरम. काहीच लागलं नाही तर सगळं व्यवस्थित. आम्ही याला पापणी लावणं म्हणतो. त्या बाई गेल्यावर केंद्रात पापणी लावणारी मी एकटीच उरले, आणि माझा तिथे असा काही रुबाब झाला की विचारू नकोस. काटा आणि माझी पापणी यांचं जमलं नाही, तर मॅनेजरसाहेब काटा बदलायला मेकॅनिक बोलवायचे. पापणी बदलायला कोणाला बोलवायचं, हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

आता मुख्य गोष्ट. माझी पाळी गेल्या वर्षापासून लांबत लांबत गेली आणि मग थांबली. त्याचं मला काही वाईट वाटलं नाही, उलट एक खर्च आणि एक कटकट गेली म्हणून मी खूश होते. पण ती जाताना बाकीचं सामान मागे सोडून गेली. अचानक छातीपासून वर गरम वाफ चढते, मान भिजते, कानशिलं तापतात, आणि थोड्या वेळाने मी थंडीने कुडकुडत असते. झोपेचे तुकडे पडतात. शब्द आठवत नाहीत. परवा मी ह्यांना म्हटलं, "ते द्या ना, ते, पाणी ओतायचं," आणि ह्यांनी मला बादलीपासून चमच्यापर्यंत घरातली सगळी भांडी आणून दाखवली. हवा होता तांब्या.

तर एका शनिवारी अशीच एक वाफ अंगात चढलेली असताना मी अंडं पापणीला लावलं. गार लागलं. दुसरं लावलं, तेही गार. काटा बरोबर दाखवत होता, पण माझ्यापुढे काट्याची काय टाप! मी साहेबांना सांगितलं, मशीन गार पडलंय. साहेबांनी काट्यालाच शिव्या दिल्या आणि उष्णता वाढवून दिली. अंडी गार नव्हती गं. मी तापलेली होते.

पिल्लं सोमवारी बाहेर यायची, ती रविवारीच आली. रविवारी केंद्रात फक्त वॉचमन. मशीन उघडायची त्याला परवानगी नाही. त्याने चिवचिवाट ऐकला आणि रेडिओचा आवाज वाढवला. सोमवारी आम्ही दार उघडलं तेव्हा पेट्या आलेल्या नव्हत्या, गाडी आलेली नव्हती, आणि पिल्लं मात्र तयार. साहेबांनी आपल्या टेबलाचे खण रिकामे करून त्यांत पिल्लं ठेवली. एका कामगाराच्या हेल्मेटमध्ये ठेवली. (पुढे तो दिवसभर ते हेल्मेट वास घेऊन घेऊन बाजूला ठेवत होता.) हे सगळं सांगताना लोक हसतात, मीही हसते. पण ट्रेच्या तळाशी जी पिल्लं सुकून पडली होती, ती मी माझ्या हातांनी उचलली. ती किती होती ते मला माहीत आहे आणि मी ते कोणाला सांगणार नाही. मला फार रडू आलं.

मला कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. साहेब फक्त म्हणाले, "बाई, थोडे दिवस पॅकिंगला बसा." तेव्हापासून मी पेट्यांना भोकं पाडते. मशीनच्या खोलीवरून जाताना मान खाली घालते. त्या खोलीत परत जायचं, एवढंच मला हवं आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं आहे.

हा दगा वाफेचा आहे हे मला तरी कुठे लगेच कळलं? ते ह्यांच्यामुळे कळलं. एका दुपारी हे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मला सवय अशी जडलेली की मी वाकून त्यांच्या कपाळाला पापणी लावली. कपाळ गार! मी किंचाळले. हे दचकून उठले, आणि आपण गार पडलोय हे ऐकून इतके घाबरले की संध्याकाळपर्यंत दोन ब्लँकेटं घेऊन बसले. थर्मामीटर लावला तर त्यांचं अंग अगदी नेहमीसारखं. मग मी तो स्वतःच्या गळ्याला धरून बघत बसले, आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला.

गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. डॉक्टरीणबाई हुशार आहेत म्हणतात, पण त्यांच्याकडे गर्दी फार. आत गेल्यावर माझं तोंड उघडायचं नाही आणि मी नुसतं "बरी आहे" म्हणून परत येईन, अशी ह्यांना खात्री होती. (तुझ्याच हाताखाली वाढले आहे मी.) म्हणून ह्यांनी तालीम घ्यायची ठरवली. हे शिवणयंत्रं दुरुस्त करतात, त्यामुळे बिघाड कसा विचारायचा हे त्यांना कळतं. जेवणाच्या टेबलामागे चष्मा लावून बसले आणि मला दाराबाहेर पाठवून आत बोलावलं. काय त्रास होतो? मी सांगायला लागले. वाफा, झोप, विसरणं, सांधे, इथपर्यंत ठीक चाललं. चिडचिड म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "ती आधीपासूनच आहे, ती यात धरू नकोस." यावर आमची तालीम थोडा वेळ बंद पडली. पुढे नवरा-बायकोच्या संबंधांचा प्रश्न आला (दवाखान्यातल्या पुस्तिकेत लिहिलं आहे की कोरडेपणा वगैरे न लाजता सांगावं), तर डॉक्टर लालबुंद झाले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

परत आल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि साध्या आवाजात विचारलं, यातलं सगळ्यात जास्त काय सतावतं? मला वाटलं होतं मी वाफा म्हणेन. पण मी म्हटलं, माझ्या अंगावरचा माझा भरवसाच उडाला आहे. आणि मग मला थांबताच येईना. हे उठले, पंखा मोठा केला आणि स्वतः स्वेटर घालून माझ्यासमोर बसून राहिले.

उपाय बरेच आहेत, ती पुस्तिका मी वाचून काढली. हार्मोन्सच्या गोळ्या, कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल, खालच्या कोरडेपणाला वेगळं मलम. हार्मोन्स नको असतील किंवा चालत नसतील, तर वाफा कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या. मला पट्टी आवडली. लावली की विसरून जायचं, आणि विसरण्यात माझा हात आता कोणी धरू शकत नाही. कोणाला काय चालेल हे बघूनच बाई देतात, म्हणून आधी माहिती नीट द्यावी लागते. त्यासाठी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोनवरच काही गोष्टी विचारून ठेवल्या. शेवटची पाळी कधी, रक्तदाब आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. सगळ्याची उत्तरं मी झटपट दिली.

तर असं आहे. कळावे, लोभ आहेच, तो वाढला तरी आता ठेवायला जागा आहे. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
चिमी

ता. क. – नर्सबाईंनी आणखी एक विचारलं होतं. आई, मावशी, बहीण, कोणाला स्तनात गाठ झाली होती का? मी म्हटलं, नाही. आई आहे का? म्हटलं, मी लहान असतानाच गेली. कशाने? मी म्हटलं, तापाने. आयुष्यभर सगळ्यांना हेच सांगत आले आहे, तूच मला तसं सांगितलंस. नर्सबाईंनी विचारलं, ताप किती दिवस होता? आणि मी म्हटलं, वर्षभर. माझं मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

मावशी, आईला काय झालं होतं? ती शेवटी मला मांडीवर का घेत नव्हती? त्या खोलीत फक्त तू जायचीस. हे वाचून तू गॅस बंद आहे का बघायला उठशील. आईचा विषय निघाला की नेहमी उठतेस. गॅस बंद आहे. बस. मी चिडलेले नाही. तू मला सांभाळलंस, मग ते तापाचंही सांभाळण्यातलंच असणार. पण आता मला तिच्या वयापेक्षा कितीतरी जास्त वर्षं झाली आहेत, मला चालेल. गाठ असली तरी उपाय बंद होत नाहीत, बाई दुसरं काहीतरी बघतात. फक्त त्यांना कळायला हवं.

आणखी ता. क. – पत्राने उत्तर पाठवू नकोस, तू नुसता गुडघा लिहिशील. बुधवारच्या बसने ये, हे घ्यायला स्टँडवर येतील. गुरुवारी माझ्याबरोबर आत चल. माझ्यासमोर सांगवणार नसेल तर डॉक्टरीणबाईंना सांग, मी बाहेर बाकावर जाऊन बसेन. सांगून झालं की मला हाक मार.