वीतभर उंचीचे स्पीकर

आई, मला या वयात स्पीकर घ्यावे लागले. गाण्यांसाठी नाही, कामासाठी. अंबडची कंपनी बंद झाल्यावर मी घरी बसून मुलाखती टाइप करायचं काम धरलं. एक संस्था पेठ-सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करते. त्या ऐकायच्या आणि शब्दाला शब्द उतरवून द्यायच्या. रोज सात-आठ तास हेडफोन लावून वर्ष काढलं आणि डावा कान वाजायला लागला. डॉक्टरांनी हेडफोन बंद करायला सांगितले. लॅपटॉपचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यावर आठवडाभर रेटलं, पण काम मागे पडलं. पुढचं काम द्यायचं की नाही, असं संस्थेतून विचारलं गेलं. लेक म्हणाली, टेबलावर मावतील असे साधे स्पीकर घे, महागाच्या वाटेला जाऊ नकोस.

दुकानात जाताना तुझं टेलिफोन एक्स्चेंज आठवत होतं. ती लांब खोली, ओळीनं बसलेल्या बायका. शाळा सुटल्यावर मी दाराशी येऊन उभी राहते आणि तू मान न वळवता हातानंच 'थांब' म्हणतेस. मालेगावहून कुणीतरी ओरडत असतं, त्याच्यामागे यंत्रमाग खडखडत असतात, आणि तू शांतपणे म्हणतेस, नंबर पुन्हा सांगा. तीनदा, चारदा, आवाज जराही न चढवता. मला तेव्हा वाटायचं, हिला कंटाळा कसा येत नाही.

आपल्या घरी फोन होता म्हणून शेजाऱ्यांचे निरोप आपल्याकडे यायचे. शेजारच्या काकूंचा भाऊ फौजेत होता. नाशिकरोडवरून त्याची गाडी जाणार होती, दहा मिनिटं थांबणार होती. त्याचा फोन मी घेतला. खरखरीत 'पाच' ऐकू आलं की 'सात' ते नीट कळलं नाही, आणि मी काकूंना बिनदिक्कत सात सांगितलं. काकू डबा घेऊन पोचल्या तेव्हा गाडी जाऊन दीड तास झाला होता. तू मला मारलं नाहीस. स्वयंपाकघरात कणीक मळत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "ऐकू आलं नाही, हे सांगायला लाज नसते. अंदाजानं सांगितलंस, त्याची लाज वाटू दे."

दुकान रविवार कारंजाजवळचं. दुकानदारानं पहिली जोडी लावली तीच अशी, की काउंटरची काच थरथरली. ताई, बेस बघा, म्हणाला. मी पेन ड्राइव्ह काढून दिला आणि म्हटलं, गाणं नको, हे लावा, आणि आवाज कमी ठेवा. पेठकडच्या एका आजीची मुलाखत होती. मोठ्या जोडीवर तिचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमला. दुसऱ्या जोडीवर प्रत्येक 'स' कानाला टोचला. मग त्यानं मागच्या फळीवरून वीतभर उंचीची जोडी काढली. जुनं मॉडेल, एकाचा कोपरा चेपलेला, म्हणून किंमत माझ्या आवाक्यात.

आजी पुराची गोष्ट सांगत होती. ओहोळाला लोंढा आला आणि धाकट्या बहिणीचा हात तिच्या हातात होता. हे वाक्य मी लॅपटॉपवर दहा वेळा ऐकलं होतं, 'मी तिला सोडलं' असं टाइप केलं होतं आणि मुलाखत पाठवूनही दिली होती. आता तीच आजी जणू समोर बसून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी तिला नाय सोडलं."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुकानदारही काउंटरवर वाकून ऐकू लागला. "नाय म्हणतेय ना आजी?" मी विचारलं. "हो ताई, नाय. स्पष्ट आहे," तो म्हणाला आणि मग त्यानंच विचारलं, "वाचली का मग बहीण?" वाचली. पुढच्याच वाक्यात आजी त्या बहिणीच्या लग्नाचं सांगते. टाइप करताना मला वाटलं होतं, म्हातारीचा गोंधळ होतोय.

स्पीकर भिंतीला चिकटवू नका, कानाच्या उंचीला ठेवा, असं त्यानं बांधून देताना बजावलं. घरी आल्याबरोबर मी खाली दोन-दोन जाड पुस्तकं घालून ते मांडले आणि आधी संस्थेला कळवलं, की माझी चूक झाली, उरलेलंही पुन्हा ऐकून देते. काम जाईल असं वाटत होतं. उत्तरात आणखी सहा मुलाखती आल्या. पहिली आता अर्धी झालीय. कानाची शिट्टीही कमी आहे, आणि खूप दिवसांनी सकाळी कामाला बसावंसं वाटतं.

हे तुला पाठवायचं कुठे, म्हणून इथेच राहील. पण एक सांगायचं राहतंय. शेवटच्या वर्षांत तुला ऐकू यायचं नाही. 'काय म्हणालीस?' तू विचारायचीस आणि मी 'काही नाही' म्हणायचे. आई, दर वेळी काहीतरी असायचं.