आनंदमेळ्यात चौघांचा नेम

१५ नोव्हेंबर १९७४, शिरपूर
नागपूरला आनंदमेळा लागला आहे. आकाशपाळणा, रंगीत कारंजी. सोमवारी निघायचे, तीन दिवस. हे, सासूबाई, आमचा देवेंद्र आणि मी. जेवणाचा प्लॅन माझ्याकडे. बाहेरचा घास नाही, बटाटा-कांदा नाही, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आज मंदिरात महाराजांसमोर चार बोटे वर करून चौघांचा नेम घेतला. घरच्यांना विचारायचे काय त्यात? शेजारच्या कंचनबाई म्हणाल्या, मेळ्यात जमन काय हे? सर्वांदेखत सांगितले, आमच्या घरात जमते. मॅट्रिक उगीच नाही झाले.

१७ नोव्हेंबर
कोरडे खाकरे एकशे वीस. माणशी पाच, दिवसातून दोनदा, तीन दिवस. चटणी, लाडू वेगळे. चूक निघणार नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ. धर्मशाळा, नागपूर
मेळा चारला उघडतो, दिवे अन् कारंजी सहाला. म्हणजे सूर्य गेल्यावर! जाहिरातीत लिहायला काय झाले होते?
काल पाऊण तास लाइनीत उभे राहून पाळण्याचा नंबर आला, तर सव्वापाच. सर्वांना ओढून जेवायला सतरंजीवर बसवले. देवेंद्र म्हणाला, आई व, सूर्य दोन मिनिटं थांबला असता. सूर्य कोणासाठी थांबत नाही. पाळणा राहिला.
यांनी एकच खाकरा घेतला. म्हणे, आजपासून आपली ऊनोदरी, भुकेपेक्षा कमी खायचं. लग्नाला तेरा वर्षे झाली. धर्माची गोडी आत्ता लागली. डोळे भरून आले.

२० नोव्हेंबर, सकाळ
प्रगती आहे. यांनी एकासन धरले, दिवसातून एकदाच जेवण. देवेंद्रने खाकऱ्याचा त्यागच केला, स्वतःहून. सायंकाळी सासूबाई म्हणाल्या, तू सामान सांभाळ बाई, आमी तिघं पाय मोकळे करून येतो. दीड तासाने आले. तिघांच्या चेहऱ्यावर तेज. तपाचे असते तसे. ओठसुद्धा चकाकत होते.
खाकरे शिल्लक अठ्ठ्याण्णव. महाराजांना सांगायला हवे.

२१ नोव्हेंबर
काल फाटकाशी एका गाडीवाल्याने यांना हाक मारली. ओ शिखरचंदशेठ, आज लवकर आले? अन् माय कुठं हाय, तिसरा वडा मागून घेणारी?
बटाट्याचा. दिवस मावळल्यावर.
सासूबाई माझ्या मागेच होत्या. मी बोलले, तर उलट मलाच म्हणाल्या, काहून व, आमी कवा नेम घेतला? बोटं तं चारही तुहीच होती.
मी तिथेच उपास जाहीर केला. वाटले, तिघे शरमतील. हे म्हणाले, बरं झालं, आता घाई नाही. तिघे पाळण्यात बसून आले. कारंजीही पाहिली. लांबून मलाही थोडी दिसली.

२३ नोव्हेंबर, शिरपूर
कंचनबाईंनी विचारलेच. नेम पूर्ण पाळला, असे सांगितले. घेतला मी, पाळला मी. यात खोटे काही नाही.

२६ नोव्हेंबर
उन्हाळ्यात म्हैसूरची कारंजी पाहायचे ठरले. तिघांचे. सासूबाई म्हणाल्या, घरच्या देवाचं तुह्याबिगर कोण करीन? खरेच आहे, माझ्यावाचून या घराचे पान हलत नाही.
तरी विचारले, एवढ्या लांब जाता, वाटेत खाणार काय?
कोणीच काही ठरवलेले नव्हते. अन् तिघे किती आनंदात होते.