करवलीचा ब्लाउज

भिसेगाव, कर्जत
रविवार, दुपार

प्रिय सुप्री,

मनोज लग्नपत्रिका द्यायला खोपोलीला तुमच्याकडे येतोय. त्याच्याजवळ एक कापडी पिशवी दिली आहे. ती आधी उघडू नकोस, हे वाच. वाचून पिशवी उघडावीशी वाटली नाही तर तशीच परत पाठव, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, तुला माहीत आहेच, पण दोन दिवसांत उतरेल.

काल आईने तुझा फोन ठेवला आणि मला सांगितलं, की तू भावाच्या लग्नाला येणार पण करवली होणार नाहीस. मनोजच्या मागे कऱ्हा घेऊन हर्षलाला उभं करा, मी गाऊन घालून तान्ह्या रुद्रला घेऊन आतल्या खोलीत बसेन, असं म्हणालीस म्हणे. एवढं सांगून ती भाजी निवडायला बसली आणि मेथीची पानं टाकून काड्याच ताटात जमवत राहिली. हर्षला माझ्या भावाची लेक, गुणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मनोज पाचवीत होता तेव्हापासून तू त्याला बजावत आली आहेस, की तुझ्या लग्नात मी अशी नटेन की लोक नवरी सोडून करवलीकडे बघतील. मी मशीनवर बसून ते ऐकत असायचो. मलाही ते बघायचं होतं.

बत्तीस वर्षं मी लेडीज टेलर आहे. निम्म्या कर्जतच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. पण स्वतःच्या लेकीशी दूध पाजायच्या कपड्यांबद्दल बोलायचं म्हटलं की मला जमत नाही. कालपासून चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. शेवटी पॅड ओढलं नि लिहायला बसलो. खाडाखोड चालवून घे.

तू लहानपणी कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्यांचे कपडे बाहुलीला घालायचीस. शाळेच्या गणवेशाच्या कॉलरला तू आतून फुलाफुलांची पट्टी लावून घेतली होतीस. कुणाला दिसणार नाही गं, म्हटलं, तर म्हणालीस, मला माहीत असेल ना. कुंभिवलीच्या ऑफिसात लागलीस तेव्हा तुझे कुर्ते बघून तिथल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. आणि आता तुझी आई सांगते, की बारशापासून तू गाऊनशिवाय काही घालत नाहीस. बाजारात जायचं असलं तरी वरून ओढणी घेऊन निघतेस. ऑफिसला परत जायचं नाव काढलं की विषय बदलतेस.

त्या बारशाचं बोलायलाच हवं. तो जांभळा ब्लाउज मी आठवडाभर जीव लावून शिवला होता. बोटनेक, आत पॅड, पाठीवर अकरा हूक आणि वरून कापडी बटणं. खोपोलीची माणसं बघतच राहिली. मग नाव ठेवायच्या आधीच रुद्रने भोकाड पसरलं. तू त्याला घेऊन आत गेलीस आणि पाठीचे हूक निघेनात. दोघी बायका झटत होत्या, पोर रडून काळंनिळं झालं, तुझं दूध रेशमावर उतरलं, आणि शेवटी तुझ्या सासूबाईंनी बाहेर येऊन माझ्याकडेच कात्री मागितली. माझा ब्लाउज माझ्याच कात्रीने कापला गेला. तेव्हा भरल्या घरात मी काय बोललो ते तू आतून ऐकलंस. नटायची हौस हिची, मी सांगत होतो, ऐकतं कोण? लोक हसले. तू बाहेर आलीस ती गाऊन घालून, आणि पाळण्याची दोरी धरलीस.

बारशाची ही गोष्ट मी दुकानात कुणाला सांगितली नव्हती, पण काल माझं तोंड बघून शहाजादीने ती काढून घेतली. चौदा वर्षं ती माझ्याकडे हूक-काज करते, फराज आणि फराह ही दोन पोरं वाढवून बसली आहे, ती काय मला सोडते! म्हणाली, “आबाजी, आईचं माप तुमी घेतलंत, पोराचं कुठं घेतलंत? पाजताना बाईला एकच हात मोकळा ऱ्हातो, हाय का ध्यानात?” फराह तान्ही असताना एका लग्नात तिला भांड्यांच्या खोलीत बसून पाजावं लागलं होतं. बाहेर जेवणं उठली तरी हिचा ब्लाउज उघडून बंद झाला नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसून काम करते, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग मी रात्रीच्या जेवणाआधी शटर अर्धं ओढलं, शर्टावर तुझ्यासाठी या लग्नाला शिवायला घेतलेला नवा ब्लाउज चढवला, डाव्या कोपरात पाच किलो तांदळाची पिशवी घेतली आणि एका हाताने काय काय उघडतं ते बघत बसलो. टपरीवरचा दत्ता चहा घेऊन वाकून आत आला. ग्लास ठेवला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “आबाजी, तब्येत बरी हाय ना?” आता सगळ्या गल्लीला कळलं असेल.

तर, पिशवीत ब्लाउज आहे. पाठ साधी, मागे एकही हूक नाही. पुढे दोन्ही बाजूंच्या शिवणीत बारीक चेन दडवली आहे, वरून पायपिनचा बारीक गोल काठ, बघणाऱ्याला सापडणार नाही. पहिल्यांदा चेन खालून वर उघडणारी लावली, तर एका हाताने ओढताना कापडच वर सरकायचं. ती उसवली. आता वरून खाली ओढायची. टोकाला रेशमी गोंडा आहे, न बघता बोटाला लागेल. आतून सुती पट्टी घातली आहे, रुद्रच्या गालाला धातू लागणार नाही. पदराला पिनेऐवजी टिचबटण आहे, पोराजवळ पीन नको. बंद करायला मात्र दोन हात लागतात, पण तोवर तो पोट भरून आजीच्या खांद्यावर गेलेला असेल. रंग तुझ्या आवडीचा मोरपंखी. आतल्या बाजूला फुलाफुलांची पट्टी लावली आहे.

आता ज्यासाठी बसलो ते. पिशवीच्या तळाशी मापाच्या वहीचं पान घडी करून ठेवलं आहे. बारशाच्या ब्लाउजचं. त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘आबा, हूक पुढून घ्या, बाळ आहे.’ त्यावर निळ्या पेनाची रेघ आहे, ती माझी. पुढून घेतले तर फिटिंग जातं, असं मीच म्हणालो होतो. खरं म्हणजे मला व्याह्यांपुढे माझं काम मिरवायचं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी माझा दोष तुझ्यावर टाकला, आणि तू बापाचं नाव राखायला तीन महिने गप्प राहिलीस. प्रवीणला, स्वतःच्या नवऱ्यालाही काही बोलली नाहीस, हे मला आज सकाळी कळलं. कारण सकाळी मी तुझ्या सासूबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. मला लाज वाटते, पोरी. चुकलो मी. कऱ्हा कुणी धरायचा ते तूच ठरव. हर्षलाचं माप मी अजून घेतलेलं नाही.

तुझाच,
आबा